एक जागा रिकामी सोडायची राहिली

आप्पा, तुम्ही जायच्या आदल्या वर्षी चहा घेताना मला विचारलं होतं, "तू नेमकं करतीस काय गं?" मी नुसतं "कॉम्प्युटरचं काम" म्हटलं आणि बशी तुमच्याकडं सरकवली. तुम्ही पुढं विचारलं नाही. आयुष्यभर यंत्रमागांच्या खडखडाटात राहून तुम्हाला कमी ऐकू यायला लागलं होतं आणि एवढं सगळं ओरडून सांगायचा मला कंटाळा आला, हे खरं कारण. तुम्हाला जाऊन आता चौदा वर्षं झाली. परवा एक गोष्ट घडली आणि ती कुणाला सांगावी म्हणून विचार केला, तर पहिल्यांदा तुम्हीच आठवलात. म्हणून त्या प्रश्नाचं उत्तर आज देते. मी अजून आपल्या खासबागेतल्याच घरात आहे. वरची खोली आता माझं ऑफिस झाली आहे आणि खाली आई शेंगा फोडत बसली आहे.

कॉम्प्युटरवरचा कुठलाही प्रोग्राम स्वतःच्या हातानं फारसं काही करत नाही. फाईल उघडायची असो की चार अक्षरं लिहायची असोत, त्याला आतल्या मुख्य यंत्रणेकडं, म्हणजे कर्नेलकडं, मागणी करावी लागते. मी ज्यावर काम करते ते अवजार, तोही एक प्रोग्रामच, या दोघांच्या मध्ये बसतं आणि नोंद करतं, काय मागितलं, किती मागितलं, उत्तर काय मिळालं. प्रोग्राम बिघडला की लोक ती नोंद वाचून दोष शोधतात. ते अवजार कुणा एकाच्या मालकीचं नाही. वेगवेगळ्या देशांतले आम्ही पाच जण पोटापाण्याची नोकरी सांभाळून ते सांभाळतो, आणि एकमेकांना अजून बघितलेलं नाही. अडचण अशी की प्रोसेसर एका जातीचे नसतात. 'लिही' ही एकच मागणी एका जातीवर एक नंबरची, दुसऱ्या जातीवर चार नंबरची, तिसऱ्यावर चौसष्ट. निपाणीच्या बाजारात कन्नडमध्ये भाव विचारून मराठीत घासाघीस करणाऱ्या बायकांना याचं काही वाटणार नाही, पण अवजाराला प्रत्येक जातीची रीत वेगळी शिकवावी लागते. नवी जात आली म्हणून जुनी विसरूनही चालत नाही, कारण कुठंतरी कुणीतरी ती वापरत असतंच. एवढंच माझं काम. सांगायला पाच मिनिटंसुद्धा लागली नसती.

वडगावची ती मावशी आठवते तुम्हाला? चार माग होते तिचे, सगळे पत्र्याच्या शेडमध्ये. शनिवारी अर्धी शाळा सुटली की मी तुमच्या सायकलच्या मागं बसून तुम्ही जिथं माग दुरुस्तीला जाल तिथं यायची. त्या दिवशी तुम्ही दुसऱ्या शेडमध्ये अडकला होता आणि मला पुढं पाठवलं होतं, आप्पा येतायत म्हणून सांगायला. मावशीच्या एका मागावर आडवा धागा सारखा तुटत होता. तिनं सहज विचारलं आणि मी, सहावीतली पोर, तोऱ्यात सांगून टाकलं की तो धागा इकडून तिकडं नेणारा धोटाच खराब आहे. मेकॅनिकची मुलगी सांगते म्हटल्यावर तिनं धोटा बदलला, तरी धागा तुटायचा राहीना. मग तिनं दुसरा बदलला. तुम्ही येईपर्यंत सगळा खोळंबा झालेला.

तुम्ही माग बंद करता, चाक हातानं सावकाश फिरवता, आणि धोटा इकडून तिकडं जाताना नुसते बघत बसता. मला वाटतं तुम्ही विसरलात की मीही तिथं आहे. मग धोटा ज्या पेटीत जाऊन थांबतो तिच्या कडेवरून बोट फिरवता आणि मला बोट फिरवायला लावता. लाकडाचं एक कुसळ निघालेलं. धागा प्रत्येक वेळी त्याच्यावर घासत होता. तुम्ही पॉलिश पेपरनं ते घासून काढलंत आणि मग माझ्याकडं वळलात.

"बघितलीस व्हय तू?"

"न्हाय."

"मग सांगितलीस कशी?"

तुम्ही रागावला नाहीत, पण मावशीपाशी जाऊन "मी न बघता बोलले" एवढं सांगून यायला लावलंत. तिथून तिच्यापर्यंतची ती दहा पावलं मला अजून लांब वाटतात. मावशीनं मात्र हसून हातावर गूळ-शेंगदाणे ठेवले आणि म्हणाली, जाऊ दे, तुझ्यामुळं धोटे तरी नवे झाले.

आता परवाचं. आमच्याकडं एका जुन्या जातीच्या प्रोसेसरवर नव्यानं घातलेली एक चाचणी कित्येक महिने नापास होत होती. मी सगळ्यांना लिहून टाकलं की त्या जातीचं कर्नेलच बिघडलेलं आहे, आणि अशी मशीनं आता वापरतंय कोण, तेव्हा ही जात आपल्या यादीतून काढून टाकू. बाकीचे चौघे हो म्हणाले. मी जुनी म्हणून माझं ऐकतात. काढून टाकायला महिना उरला असताना एका गृहस्थाची मेल आली. वय झालेले, दूरच्या देशात नदीकाठी, समुद्रापेक्षा खाली असलेल्या जमिनीत शिरणारं पाणी उपसणारे पंप सांभाळणारे. पंपांवर हीच जुनी मशीनं. त्यांनी लिहिलं होतं की तुमच्या नोंदीत आमचा प्रोग्राम एका फाईलची लांबी अचाट मोठी मागतोय असं दिसतं, आणि त्यावर विश्वास ठेवून मी तीन आठवडे आमचा प्रोग्राम तपासतोय. प्रत्येक तपासणीला एक पंप थांबवावा लागतो आणि पावसाळा तोंडावर आहे. शेवटी अगदी सभ्यपणे विचारलं होतं, चूक आमच्याकडं आहे की तुमच्याकडं, एवढं सांगाल का?

मी उत्तर लिहायला घेतलं. चूक कर्नेलची, एवढं टाईपही झालं. आणि तिथंच हात थांबला. मी एकदाही त्या मशीनवर बसून बघितलं नव्हतं. माझ्याकडं ते मशीनच नव्हतं. मी त्यांना तसं खरंखरं लिहिलं, तर त्या भल्या माणसानं त्यांच्याकडचं एक जादा मशीन पार्सलनं पाठवून दिलं. पोस्टमननं खोकं आईच्या हातात दिलं. तिनं ते हलवून बघितलं, एवढ्या लांबून ह्ये काय मागिवलीस म्हणून विचारलं, आणि मशीन आहे म्हटल्यावर तिचा विश्वास बसेना. तिच्या लेखी मशीन म्हणजे दोन माणसांना उचलत नाही ते.

जेवणाच्या टेबलावर मांडून मी कामाला बसले. चार ओळींचा एक प्रोग्राम लिहिला, त्यानं फक्त तेवढी एकच मागणी करायची, माझ्या ठरलेल्या आकड्यानं. मग एकेक पाऊल थांबवत, मागणीतला आकडा प्रोसेसरच्या कुठल्या खणात ठेवला जातोय ते कागदावर उतरवत गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी दिसलं. त्या जातीवर मोठा आकडा दोन खणांत मावतो, आणि तो सम नंबरच्या खणापासूनच सुरू व्हावा लागतो. त्यासाठी मधला एक खण रिकामा सोडतात. आमचं अवजार तो सोडत नव्हतं, त्या रिकाम्या खणातला कचराच आकडा म्हणून वाचत होतं. त्यांचा प्रोग्राम बरोबर होता, कर्नेलही बरोबर होतं. मग ही चूक कुणी केली म्हणून मी अवजारात केलेल्या बदलांच्या जुन्या नोंदी उलगडत मागं गेले. सहा वर्षांपूर्वी कुणीतरी आवराआवर करताना खण सोडायची ओळ फालतू समजून काढून टाकली होती. खाली नाव माझंच.

मी एकटीच हसले, आप्पा. आई स्वयंपाकघरातून बघायला आली. मग ती ओळ परत घातली, नापास चाचणी पास झाली, आणि मी सगळ्यांना उघड लिहिलं की चूक माझी होती, मी न बघता बोलले, ही जात यादीतून काढू नये. या वेळी दहा पावलं चालायची नव्हती, तरी बटण दाबायला बराच वेळ लागला. त्या गृहस्थांनी कळवलं की सगळे पंप चालू झाले, पावसाच्या आधी. मशीन परत पाठवू नका, म्हणाले, तुमच्याकडंच असलेलं बरं.

आता हे पत्र कपाटात खालच्या कप्प्यात, आईच्या हाती लागणार नाही असं ठेवणार आहे. कारण त्या दिवशी मी का हसते म्हणून तिनं विचारलं, तर मला एवढं सगळं सांगायचा पुन्हा कंटाळा आला. कामात चांगलं झालं, एवढंच म्हटलं. तिनं मला बढती मिळाली असंच धरलं, गोड म्हणून कुंदा मागवला आणि अख्ख्या गल्लीत वाटला. लोक येऊन अभिनंदन करून गेले. बढती नाही, स्वतःचीच चूक सापडली, हे मी कुणाला सांगितलं नाही, आणि कुंदा दोनदा घेतला.