दहापैकी किती

ता. ६ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पार्सल पोचलं. चारही टेपा धड आहेत, फक्त गिटारवाल्याच्या डबीला तडा गेलाय. बँड एक होता तेव्हा वर्षाला एक टेप निघायची, आता चौघांच्या चार. वेगळ्या चुली मांडल्या की भांडी वाढतात, तसंच की हे.

तू लिहितोस, चारही ऐक आणि दहापैकी मार्क दे, म्हणजे दुकानात डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या आहेत. अरे, मी चौथीत शाळा सोडलेली. मला कधी कुणी मार्क दिले नाहीत, मी कुठले देऊ? पण ऐकीन. सकाळी शर्टांचा गठ्ठा येतो, संध्याकाळपर्यंत काजं करून परत द्यायचा. हात गुंतलेले असतात, कान रिकामेच असतात. ह्यांची गाडी परवा परत लांबच्या फेरीला गेली, आता आठ दिवस घरात मी, सासूबाई आणि बाळ.

एक गोष्ट तुलाच सांगते. बाळाला सातवा महिना लागलाय. मंगळवारी माझ्या हातून स्टीलचं ताट फरशीवर पडलं. केवढ्यांदा वाजलं, शेजारच्या खोलीतलं मूल दचकून रडायला लागलं. आमचं जागंच होतं, माझ्याकडं पाठ करून चिंधीशी खेळत होतं. त्यानं मान सुद्धा वळवली नाही. सासूबाई म्हणाल्या, बापावर गेलाय, त्याला पण हाका मारून घसा बसतो तरी ओ देत नाही. आवाजानं शेजारणी जमल्या होत्या, सगळ्या हसल्या. मी पण हसले. पण तेव्हापासून मनात पाल चुकचुकतेय. ह्याला ऐकू येतं ना रे? तुझ्या टेपा लावून मी त्याचं तोंड बघत बसणार आहे. हसू नको.

दमलेय, अक्षर वाकडं आलंय, चालवून घे. लोभ आहे तो असाच ठेव, त्याला धरूनच रोज उठते.

तुझी,
ठमी


ता. १५ मार्च

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद. बाळाच्या दोन्ही गालांवर मामाचा एकेक पापा.

ताटाचं एवढं मनाला लावून घेऊ नकोस. आईनं काम सांगितलं की तू ठार बहिरी व्हायचीस, आणि तीन खोल्या पलीकडं बिस्किटाचा पुडा फुटला की पहिली हजर. तरी घोर लागलाच असेल तर डॉक्टरला दाखवून ये. मनात ठेवून कुढत बसू नकोस.

आता मार्कांचे नियम. जुन्या भांडणाचा राग मार्कांत काढायचा नाही, हा पहिला. मी स्वतः तो पाळत नाही, तू पाळ. दुसरा, शून्य द्यायचं असेल तरी अख्खी टेप ऐकून द्यायचं. काल एका गिऱ्हाइकानं गाणाऱ्याची डबी नुसती हातात घेतली आणि म्हणाला, ह्याला भोपळा. ऐकलीस का विचारलं, तर नाही. मी म्हटलं, बाबा रे, भोपळा द्यायला पण कान लागतात.

माझे मार्क तुला आधीच सांगतो. गाणाऱ्याला आठ. गळा अजून तसाच आहे, फक्त आता स्वतःच्याच प्रेमात पडलाय. गिटारवाल्याला सात. कीबोर्डवाल्याला पाच, कारण झोप येते. ड्रमवाल्याला दोन, ते पण डबी चांगली आहे म्हणून. चाळीस मिनिटं नुसती बडवाबडवी, शब्द नाही की सूर नाही. दोन वर्षं मी त्या लोकांच्या वायरी ओढल्या, पेट्या उचलल्या. भर कार्यक्रमात हाच माणूस काठ्या टाकून उठून गेला आणि त्या दिवशी बँड संपला. सहा वर्षं झाली, मी त्याचं तोंड बघितलेलं नाही.

परीक्षकबाई, निकाल लवकर कळवा. जेवत जा वेळेवर. माया आहे तिथंच आहे, ती काही टपालात हरवत नाही.

तुझा,
दादा


ता. २८ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

निकाल घे. गाणाऱ्याला माझे नऊ. त्याचं तिसरं गाणं लागलं, ते बाईला परत बोलावतो ते, आणि माझी सुई थांबली. डोळे भरले म्हणून एक काज वाकडं गेलं, उसवावं लागलं. गिटारवाल्याला सहा. बोटं पळतात खूप, पण चाललीत कुठं ते त्यालाच ठाऊक. कीबोर्डवाल्याला तू पाच देतोस म्हणजे अन्याय आहे. मला त्याच्या टेपेवर झोप लागली. बाळ झाल्यापासून दुपारची पहिली झोप. आठ दे त्याला.

ड्रमवाल्यानं माझं डोकं दुखलं. माझे तीन. पण दादा, बाळाचे दहा! टेबलावर शर्टांचे गठ्ठे असतात, म्हणून टेपरेकॉर्डर खाटेच्या फळीवर ठेवला होता, बाळाच्या पायाशी. पहिला ठोका पडला आणि त्याचे डोळे हे एवढे मोठे झाले. मग पाय झाडायला लागला, मग हसला, मग खिदळायलाच लागला. बंद केली की ओठ काढतो. लावली की परत खिदळतो. दहा वेळा करून बघितलं. सासूबाईंना बोलावलं, वरच्या मजल्यावरच्या बाईंना बोलावलं, हे आल्यावर ह्यांना दाखवलं. त्याला ऐकू येतं दादा. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला.

बाकी तिघांना त्यानं काहीच दिलं नाही. हसू नाही, रडू नाही, छताकडं बघत पडतो. सासूबाई म्हणाल्या, आवड असते एकेकाची. आता डॉक्टरकडं कशाला जाऊ? एक दिवस गेला की दोन गठ्ठे अडतात.

तुझ्या भाच्याचे मार्क डबीवर मोठ्या अक्षरात लिही. आणि माझ्यावर माया कर, मी आज जरा हलकी आहे.

तुझी,
ठमी


ता. ९ एप्रिल

चि. ठमीस,
आशीर्वाद.

हे पत्र बाळ झोपलं असताना, बसून वाच.

शनिवारी ड्रमवाला दुकानात आला. आपली टेप खपते का बघायला. त्यानं डबीवरची दोनची चिठ्ठी वाचली आणि डबी परत जागेवर ठेवली. मलाच राहवलं नाही. जरा खिजवायला म्हणूनच मी म्हटलं, एक परीक्षक आहे तुला दहा देणारा, त्याला अजून दात आलेले नाहीत. आणि तुझं पत्र वाचून दाखवलं. तो खूप हसला. मग एकाएकी हसायचा थांबला आणि त्यानं विचारलं, टेप कुठं ठेवली होती म्हणाली ती?

मी परत वाचलं. खाटेच्या फळीवर, पायाशी.

मग त्यानं सांगितलं ते मला सहा वर्षांत माहीत नव्हतं. त्याचा उजवा कान गेलाय, डावा अर्धा. वर्षानुवर्षं त्या झांजांच्या शेजारी बसून. त्या कार्यक्रमात त्याला गाणाऱ्याचा आवाजच पोचेना, ताल सुटायला लागला, म्हणून उठला. सांगायची लाज वाटली, त्यापेक्षा लोकांनी माजोरडा म्हटलेलं परवडलं. ही टेप त्यानं बूट काढून, अनवाणी पाय लाकडी फळ्यांवर टेकवून केली. म्हणाला, मी तळपायानं ऐकतो. तिला सांग, बाळ पण तसंच ऐकत असेल.

ठमे, टेपरेकॉर्डर खाटेवरून काढ. खिडकीत ठेव, खाटेला टेकलेला नको. मग तीच टेप लाव आणि बाळाकडं बघ. मी काही म्हणत नाही. तू बघ आणि मला लिही.

मी आहे.

दादा


ता. २९ एप्रिल

चि. ठमीस,
आशीर्वाद.

वीस दिवस झाले, तुझं अक्षर नाही. पोस्टमन दिसला की मी गिऱ्हाईक सोडून दारात जातो. रागावली असशील तर राग लिही, पण लिही. कोरं कार्ड टाकलंस तरी चालेल.

दादा


ता. ५ मे

ती. दादास,
नमस्कार.

दोन्ही पत्रं मिळाली. पहिलं मी फाडलं होतं. मग तुकडे जुळवून परत वाचलं. त्या ड्रमवाल्याला मनातल्या मनात नको नको ते बोलले. त्याला काय गरज होती? कान गेलेल्या माणसानं माझ्या बाळाचे कान कशाला बघावेत?

तू म्हणतोस टेप हलवून बघ. हलवायला काय राहिलंय? तुला पहिलं पत्र टाकलं त्याच दिवशी मी ती खिडकीत ठेवली होती. चारही टेपा लावल्या, सगळ्या. ते छताकडं बघत होतं, ड्रमवाल्याला पण. दुसऱ्या दिवशी शर्टांची घडी घालायला म्हणून टेप खाटेवर सरकवली, आणि ते हसलं. मी फळीवर हात ठेवला. माझ्या हाताला पण ठोके लागले. मला तेव्हाच कळलं दादा. तुला बाळाचे दहा लिहिले त्याच्या आधी कळलं होतं.

पण हसत होतं ना रे. मी टेप परत खिडकीत नेलीच नाही. सगळ्यांना बोलावून बोलावून तेच दाखवत बसले, कारण सगळे म्हणायचे ऐकतोय की, आणि चार जण म्हणाले की खरं वाटायचं. ते दहा मार्क बाळाचे नव्हते. माझे होते. डॉक्टर सांगत नाही तोवर ते खरं नाही, असं धरून बसले होते.

काल सासूबाईंना सांगितलं. वाटलं, माझ्या माहेरावर बोल येणार. त्या बराच वेळ हातातली चिंधी घडी करत, उलगडत बसल्या. मग म्हणाल्या की ताट पडलं तेव्हाच मला पण कळलं होतं. तू हसावंस म्हणून हसले.

दोघी एकाच खोलीत, दोन महिने एकमेकींना फसवत बसलो होतो.

ह्यांची गाडी आली की डॉक्टरकडं जाऊ, म्हणत म्हणत दिवस जातात. हे आले की दमलेले असतात, माझ्या तोंडून निघत नाही. तू येशील का? मला एकटीला तिथं बसायची भीती वाटते. पाठीमागून हाका मारायचं पण मी सोडून दिलंय. नुसती समोर जाऊन बसते.

तुझी,
ठमी


ता. ११ मे

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

गुरुवारी पहिल्या गाडीनं येतो. शुक्रवारची वेळ घेतलीय. लहान मुलांचे कान बघणाऱ्या डॉक्टरीणबाईंचा पत्ता ड्रमवाल्यानंच दिला. तो दोन दिवस माझं दुकान बघणार आहे. गिऱ्हाइकाचे ओठ बघून बोलतो. म्हटलं, तुझीच टेप सगळ्यांच्या गळ्यात मारू नकोस म्हणजे झालं.

तू फक्त बाळाचे दोन कपडे आणि त्याची ती चिंधी घे. बाकी सगळं मामा उचलेल, बाळासकट. जावईबापूंना मी सांगेन, तू घाबरू नकोस.

आणि खोटं लिहिलंस म्हणून मान खाली घालू नकोस. मी सहा वर्षांचा राग डबीवर चिकटवला होता आणि त्याला मार्क म्हणत होतो. दोनची चिठ्ठी काढली. नवी अजून लावली नाही. काय लिहावं कळत नाही.

गुरुवारी भेटूच. तोवर थोडी झोप.

दादा


ता. २० जुलै

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तू मागच्या खेपेला गेलास त्याच्या दुसऱ्या आठवड्यात ऐकायची यंत्रं आली. दोन्ही कानांमागं एकेक, घेवड्याच्या बीएवढी. डॉक्टरीणबाई परत तेच म्हणाल्या, सगळं येणार नाही, काही येईल, आणि धीर धरा. दादा, धीर कुठं मिळतो ते कुणी सांगत नाही. बाळ यंत्र उपटतं आणि तोंडात घालतं. मी काढते, पुसते, परत लावते. काजं कमी आणि हेच जास्त. हे घरी असले की तेच लावतात. गाडीचे घाणेरडे पान्हे धरणारी ती बोटं, पण माझ्यापेक्षा हळू लावतात. पहिल्या दिवशी लावताना रडले. मला म्हणाले, आधी का नाही सांगितलंस.

आठ दिवस काहीच नाही. मी हाका मारल्या, सासूबाईंनी डबे वाजवले. त्यानं कुणाकडं बघितलं नाही. मी इतकी थकले होते की रडू पण येईना.

सोमवारी दुपारी टेप खिडकीत ठेवली. मुद्दाम नाही, खरंच. शिवताना मलाच गाणं हवं होतं, म्हणून गाणाऱ्याची टेप, माझं ते तिसरं गाणं लावलं. बाळ खाली सतरंजीवर, खिडकीकडं पाठ, चिंधी चघळत होतं. गाणारा तो बाईला परत बोलावतो तिथं आवाज वर नेतो, ठाऊक आहे ना? तिथं त्याचा हात थांबला. चिंधी खाली पडली. त्यानं मान वळवली आणि खिडकीकडं बघितलं. ओठ थरथरला. आणि मग असं भोकाड पसरलं, असं भोकाड पसरलं, की वरच्या मजल्यावरच्या बाई धावत खाली आल्या.

मी टेप बंद केली. गप्प. लावली. परत भोकाड. मी दुष्ट बाई, तीन वेळा केलं. चौथ्या वेळी सासूबाईंनी टेप माझ्या हातातून हिसकावून घेतली, लेकराचा छळ करतेस म्हणाल्या, आणि स्वतःच पदरात तोंड घालून रडायला लागल्या. मग बाळाला छातीशी धरून मी हसत सुटले. खरं हसले, दादा.

तेव्हा डबीवर चिठ्ठी लाव. गाणाऱ्याला बाळाकडून शून्य. अख्खी टेप ऐकून दिलेलं नाही, अर्धंच गाणं ऐकलंय, पण नियमात तेवढी सूट दे. भोपळा द्यायला पण कान लागतात, तूच म्हणाला होतास.

ड्रमवाल्याला सांग, त्याचे दहा तसेच ठेवलेत. ह्या खेपेला माझे म्हणून.

बाळ झोपलंय, यंत्रं काढून डबीत ठेवलीत. गठ्ठा अर्धा राहिलाय, राहू दे. कीबोर्डवाला लावते आणि जरा पडते. माया कर दादा, पण उत्तराची घाई करू नको, मी झोपलेली असेन.

तुझी,
ठमी