एका माणसापुरता बॉयलर

प्रिय मकरंद,

फोनवर तू मला बोलू देत नाहीस, मीटिंग आहे म्हणतोस आणि मोकळा होतोस. म्हणून हे पत्र. शेवटपर्यंत वाच.

काल प्लंबर येऊन गेला. तुझ्या बाबांनी बसवून घेतलेला, पाणी आणि अख्खं घर तापवणारा बॉयलर बावीस वर्षं राबला आणि परवा बंद पडला. इथे रिकार्टनमध्ये सध्या सकाळी गवत गोठून पांढरं होतं, आणि मी शालीवर शाल घेऊन बसले आहे. प्लंबर म्हणाला, टौरंगाहून तुमच्या मुलाने सगळं कळवलंय: घरात एकच बाई, मागच्या दोन खोल्या गरम करणारे रेडिएटर काढून टाका, सगळ्यात लहान बॉयलर पुरे. वर बिचाऱ्याने लाजत विचारलं, तुम्ही खरंच बादलीने अंघोळ करता का? मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. हो, करते! बादली माझी, अंघोळ माझी. गावभर सांगत सुटायला तुला कोणी सांगितलं होतं?

मी मोठ्या बॉयलरसाठी हट्टाला पेटलेय असं समजू नकोस. गरजेपेक्षा मोठा घेतला तर तो सारखा चालू-बंद होतो आणि लवकर बिघडतो, हे तुझ्या बाबांकडून मी शंभरदा ऐकलंय. पण त्यासाठी खोल्या मोजतात, खिडक्या बघतात, एका वेळी गरम पाण्याचे किती नळ चालतील ते विचारतात. तू तिकडे बसल्या बसल्या माझंच माप काढलंस. नवरा गेला की बाईच्या खोल्याही बंद करायच्या, हे कुठे शिकलास?

मी त्याला अख्खं घर फिरवलं. मागच्या खोल्याही मोजायला लावल्या आणि त्याच्या फॉर्मवर माणसांच्या रकान्यात एक खोडून तीन लिहिलं. शुक्रवारी नवा बॉयलर बसेल.

तिघं कोण, ते आता ऐक. रविवारी दुपारी तू मला फोनवर सांगितलंस, अस्मिता कामात आहे, ओवी झोपली आहे. त्या वेळी तुझी बायको आणि मुलगी माझ्या स्वयंपाकघरात वरणभात जेवत होत्या. तू त्यांना घर सोडायला सांगून सहा आठवडे झाले, हे मला सुनेच्या तोंडून कळावं? माझ्या पोटच्या मुलाची मला लाज वाटली. ओवीने इंग्रजीत विचारलं, आजी, हे आता आमचं घर का? मी हो म्हटलं. तेव्हा तुला इथे यायचं असेल, तर यापुढे मला नाही, अस्मिताला विचारायचं.

तुझीच, नाकारता येत नाही म्हणून,
आई