झरा आटणार असल्याचा दाखला

प्रति,
मा. वनपरिक्षेत्र अधिकारी साहेब,
डोंगरपट्टा परिक्षेत्र, जि. जालना.

अर्जदार : साधना कल्याण बोराडे, अध्यक्ष, वन समिती, मौजे पिंपळझरी (धावड्याजवळ).

विषय : पिंपळझरी येथील सरकारी सागवान जंगलाच्या खालच्या टप्प्याची तोडणी थांबविणेबाबत, ते होत नसल्यास दाखला मिळणेबाबत.

संदर्भ : तोडणी नियमानुसारच आहे, असे कळविणारे आपले पत्र.

महोदय,

१) सविनय सादर करते की, आमच्या टेकडीवरील सागवान आपल्या खात्याच्या सांगण्यावरून माझ्या सासऱ्यांच्या पिढीने लावले व गावाने राखले. राखणीची रीत अशी की, एक काठी रोज संध्याकाळी पुढच्या घराच्या दाराशी ठेवायची. ज्याच्या दाराशी काठी, त्याने दुसऱ्या दिवशी रान राखायचे. लोकांनी शेळ्या विकल्या, चुलीत कपाशीच्या पऱ्हाट्या जाळल्या. ओली फांदी तोडणाऱ्याने त्या झाडाला आठवडाभर पाणी घालायचे, हा दंड. माझ्या सासूबाई सोनूबाई यांनी माझ्याच लग्नाच्या मांडवासाठी एक फांदी तोडली, तर वरमाईला नवे लुगडे नेसून टेकडीवर हंडे वाहावे लागले. कोणी सूट दिली नाही.

२) एवढे करून झाले काय, तर झाडे सरळ व जाडजूड वाढली. आता आपल्या पत्रात म्हटले आहे की, "रोपवन परिपक्व व उत्कृष्ट दर्जाचे असल्याने तोडणीस पात्र आहे." पलीकडच्या गावाने त्यांचे रान केव्हाच तोडून जाळले. ते "अवनत वनक्षेत्र" ठरले, म्हणून त्यांना नवीन रोपे, तारेचे कुंपण आणि पगारी राखणदार मिळाला. त्यांचा आम्हाला हेवा नाही. परंतु प्रामाणिकपणे राखण करणे हा आमचा गुन्हा असेल, तर तो लावणीच्या वेळीच सांगायला हवा होता, असे गावाचे म्हणणे आहे.

३) वरचा टप्पा तोडण्याआधी दोन्ही टप्प्यांवर खुणा करण्यासाठी आपले कर्मचारी आले, त्या दिवशी काठी चांदपाशा यांच्याकडे होती. कुऱ्हाड घेऊन येणाऱ्याला अडवायचे, एवढेच त्यांना ठाऊक. कर्मचाऱ्यांकडे कुऱ्हाड नव्हती, रंगाचा डबा आणि नंबरचा हातोडा होता. चांदपाशांनी त्यांना पाहुणे समजून घरची भाकरी आणि ठेचा खाऊ घातला. नंबर पडला म्हणजे झाड सरकारी मोजणीत आले, आता त्याला कोणी हात लावणार नाही, अशी सर्वांची समजूत झाली. सोनूबाई सर्वांना सांगत होत्या, "आता बिलकुल काळजी न्हाई. सरकार पोटच्या पोरावानी मोजून राह्यलं." बायकांनी नंबर पडलेल्या प्रत्येक झाडाला हळदकुंकू वाहिले. आपल्या अहवालात याची नोंद "तोडणीस स्थानिकांचा उत्स्फूर्त प्रतिसाद" अशी आहे. ती नोंद वाचून मला हसावे की रडावे ते कळले नाही. सोनूबाईंना मी ती अजून वाचून दाखवलेली नाही.

४) गेल्या वर्षी वरचा टप्पा तोडला. लाकूड ट्रकने बाहेरच्या डेपोत गेले. गावच्या सुताराने एक ओंडका विकत मागितला, तर लिलाव मोठ्या ढिगांचाच होतो असे उत्तर मिळाले. आमच्या शाळेचे दार आजही पत्र्याचे आहे. त्याचेही आम्ही मनाला लावून घेतले नसते. परंतु पावसाळ्यात उघड्या उताराची माती पायथ्याच्या झऱ्यात आली. या झऱ्यावर अख्खे गाव पाणी पिते. गावात दुसरे पाणी नाही. दरवर्षी तो आखितीपर्यंत, म्हणजे अक्षय तृतीयेपर्यंत, भरून वाहतो आणि पुढे पावसापर्यंत कसाबसा पुरतो. यंदा संक्रांतीला गढूळ झाला आणि होळीला करंगळीएवढी धार उरली. आता तीही ठिबकते आहे, झऱ्याखालच्या कुंडात साठलेल्या पाण्यावर गाव दिवस काढते. खालचा टप्पा झऱ्याच्या अगदी डोक्यावर आहे आणि पाडव्यानंतर तोच तोडायचा आहे. साहेब, मला भीती वाटते. दुसरा शब्द मला सापडत नाही.

५) मी प्रथम तोडणी रद्द करण्याची विनंती केली. नंतर निदान झऱ्यावरची झाडे सोडावीत, अशी केली. नंतर निदान उन्हाळाभर थांबावे, अशी केली. आपले उत्तर आले की, तोडणीमुळे झरा आटतो याचा पुरावा नाही, आणि "याबाबत तोडणी पूर्ण झाल्यावर अभ्यास करता येईल."

६) म्हणून पुढची तजवीज करावी, या हेतूने तहसील कार्यालयात टँकर मागायला गेले. तेथे सांगितले की, "तुमच्या गावाला जिवंत झरा आहे, टँकर नियमात बसत नाही. झरा आटणार असेल तर वन खात्याचा दाखला आणा." तरी झाडे गेल्यावर झरा राहणार नाही, असा दाखला आपल्या सही-शिक्क्यानिशी मिळावा. तसा देता येत नसेल तर झरा राहील असा द्यावा. तो आम्ही झऱ्यावर लावू. दोन्ही देता येत नसतील, तर मधल्या काळात गावाने काय प्यावे, तेवढे तरी लेखी कळवावे, ही हात जोडून विनंती.

आपल्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,

(सही)
सौ. साधना कल्याण बोराडे
दि. १७ मार्च २०२५

सोबत :
१) आपल्या पत्राची छायाप्रत.
२) ग्रामस्थांच्या सह्या व अंगठे.
३) झऱ्याच्या पाण्याची बाटली. काल सकाळी धारेखाली लावली होती. दिवस मावळेपर्यंत भरली नाही, म्हणून अर्धीच जोडली आहे.