तुझी सबसिडी मी सोडली

आये,

काल तुझ्या नातीने एक विषय पुढ्यात टाकला. कॉलेजात वादविवाद स्पर्धा आहे आणि विषय काय, तर 'इंधनाचे दर उतरवायला सरकारने मध्ये पडावं का?' मला म्हणाली, "बाबा, तुम्ही सरकारी माणूस. सांगा, कुठली बाजू घेऊ?" दहा वर्षांपूर्वी विचारलं असतं तर समोरचा चहा गार होईपर्यंत बोललो असतो. सरकारने कुठे कुठे पुरं पडायचं, बंगलेवाल्याला आणि चाळवाल्याला गॅस एकाच भावात का, ज्याला परवडतं त्याने पूर्ण दाम मोजावेत म्हणजे गरजवंताला काही उरेल. हे सगळं तू माझ्या तोंडून ऐकलेलं आहेस. दर रविवारी अँटॉप हिलच्या क्वार्टरमधून लालबागला तुझ्या खोलीवर यायचो, तुझ्या हातची सुकटीची चटणी भाकरी हाणायचो आणि वर तुलाच अक्कल शिकवायचो. काल मी नुसता चहा ढवळत बसलो, तशी पोरगीच म्हणाली, "आजी काय म्हणायची हो याच्यावर?" मी म्हणालो, सरकारला शिव्या द्यायची. ती हसली. मी उठून गॅलरीत गेलो.

तुला न सांगितलेली गोष्ट अशी आहे. तेव्हा गॅसची सबसिडी आपणहून सोडा, असं सगळीकडे चाललं होतं. आमच्या साहेबांनी सगळ्यांना हॉलमध्ये गोळा केलं आणि एकेकाला उभं करून विचारायला लागले. माझी पाळी आली. मी म्हणालो, "माझी सोडली, साहेब. आईच्या नावाचीही सोडतो." तुला मेसेज वाचता येत नाहीत म्हणून तुझ्या गॅसला नंबर माझ्याच मोबाइलचा दिलेला होता. उभ्या उभ्या दोन्ही सोडल्या. टाळ्या झाल्या, आये! साहेब म्हणाले, संस्कार म्हणतात ते हे. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवलं मी, आणि छाती माझी फुगली. त्या संध्याकाळी पेढे घेऊन तुझ्याकडे आलो. तू एक कपाळाला लावून खाल्लास आणि बाकीचे चाळीत वाटत सुटलीस. सबसिडीचं मी चकार शब्दाने बोललो नाही. वाटलं, हिला काय फरक पडतो, मी देतोच की दर महिन्याला.

माझे पैसे तू नातीसाठी बाजूला टाकत होतीस, हे मला तेव्हा कुठे ठाऊक? तुझं घर तू लोकांचे मसाले भाजून चालवत होतीस. मार्च-एप्रिल आला की निम्म्या चाळीच्या मिरच्या आणि धणे तुझ्या कढईत. पार जिन्यापर्यंत ठसका, आणि तू पदर नाकाला लावून सगळ्यांना दम देत असायचीस. पुढच्या वर्षी कढई माळ्यावर गेली. मी विचारलं तर म्हणालीस, "हात दुखतत रे." मग आंघोळीचं. दुपारचा येतो तर गॅलरीत उन्हात पाण्याची बादली, आणि तू अजून पारोशी. "उनातला पाणी बरा, हाडां शेकतत," म्हणतेस. मी हसतो. घरी जाऊन बायकोला सांगतो, आमची आये म्हातारपणी चमत्कारिक व्हायला लागलीय.

आणि तो रविवार. बाबांचे गिरणीतले एक जुने दोस्त आले होते. अर्धा तास झाला तरी तू चहाचं नाव काढेनास. तू, जिच्या दारातून पोस्टमनसुद्धा चहाशिवाय जायचा नाही! मी त्यांच्यादेखत म्हणालो, "आये, दोन कप चहाला असा किती गॅस जळतो गं? इतकी चिक्कू कधीपासून झालीस?" तू उठलीस. दोनच कप केलेस, त्यांना आणि मला. शेगडी बंद करताना म्हणालीस, "सरकाराक सांग तुझ्या. गरिबाच्या चुलीत हात घालतत मेले." झालं, मी सुरूच झालो. बाजारभाव, परदेशी तेल, देशाची तिजोरी. ते काका बिचारे कपात बघत बसले. तू सगळं ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "होय बाबा, तू शिकललो."

तू गेल्यावर गॅसचं कार्ड माझ्या नावावर करायला परळच्या एजन्सीत गेलो. काउंटरवरच्या बाईंनी कार्ड बघितलं. "मसालेवाल्या आजी ना? आल्या होत्या एकदा, सबसिडी का थांबली विचारायला. मी म्हटलं, तुमच्या मोबाइलवरूनच सोडलीय, हवी तर वर्षाने परत अर्ज करा. कार्ड पिशवीत टाकलं. मग म्हणाल्या, हो हो, मीच सांगितलं होतं मुलाला. राहू दे." कधी आली होती, मी विचारलं. त्या म्हणाल्या, लगेच, सोडली त्याच्या पुढच्याच महिन्यात. म्हणजे तो चहा केलास तेव्हा तुला सगळं माहीत होतं. शिव्या सरकारला घातल्यास आणि मला चहा दिलास.  नाव बदलायचा अर्ज कोराच घेऊन मी घरी आलो.

सरकारने काय करावं, ते मला आजही धड सांगता येत नाही. भाव उतरवायचे तर पैसा कुठून तरी आणावाच लागतो, हे काही खोटं नाही. परवा पेट्रोल पंपावर मीच स्कूटरवर बसून सरकारच्या नावाने बोटं मोडली, तेव्हा तुझी आठवण आली. पण आये, ज्याला परवडतं त्याने द्यावं म्हणताना, तुला परवडतं का गं, एवढं विचारायला माझं काय जात होतं? दर रविवारी समोर बसलेली असायचीस. तू गेल्याला सात वर्षं झाली, ही चुटपुट काही जात नाही.

हे पत्र टाकायचं कुठे? चाळही पाडली. तुझ्या गॅसच्या कार्डात घडी करून ठेवतो, ते अजून तुझ्याच नावावर आहे. पोरीला उद्या हे सांगावं असं मनात आहे, जमेल असं वाटत नाही.

आणि एक राहिलंच. ते पेढे मी तुला सिद्धिविनायकाचे म्हणून दिले होते. तू मुलाने प्रसाद आणला म्हणून दारोदार सांगत होतीस, "देवाचे हत, माज्या झिलान हाडलेत." मी देवळात गेलोच नव्हतो, आये. नाक्यावरच्या दुकानातले होते.