पुढच्या दोन चाकांवर

मामाजी,

परवा मी जीपचे मागचे दोन्ही शाफ्ट, चाकं फिरवणारे लांब दांडे, काढले. एकटीनंच. डाव्या चाकाच्या आतून तेल झिरपत होतं, ब्रेक ओला होत होता आणि उतारावर पाय दाबला की गाडी एका अंगाला ओढायची. तेल अडवणारं सील गेलं हे वासावरूनच कळलं होतं, पण अंगात जोर येईपर्यंत मी बरेच दिवस तशीच चालवत राहिले. तुम्ही असतात तर ओरडला असतात. परवा सकाळी स्वयंपाक उरकला, अंगणात गाडी लावली आणि आधी चाकांना दगड लावले. शाफ्ट निघाला की या जुन्या गाडीचा हँडब्रेक चाकांना धरत नाही, ती हळूच चालायला लागते. दगड लावताना तुमचा आवाज आठवला, आधी गोटे लाव. तुम्ही माझ्याशी सरळ बोललेलं पहिलं वाक्य तेच होतं.

मी चिखला गावात सून होऊन आले तेव्हा आपल्याकडे सुनेनं सासऱ्याशी बोलायची रीत नव्हती. सासू म्हणून आत्याबाई होत्या तोवर निभलं. तुम्हाला पाणी हवं असेल तर तुम्ही त्यांना सांगायचा, त्या मला. त्या गेल्या आणि मधलं माणूसच उरलं नाही. मग तुम्ही भिंतीकडे पाहून म्हणायचा, "आज भात थोडाच टाकजा म्हणावं," आणि मी चुलीवरच्या भाताच्या गंजाकडे पाहून "हो" म्हणायचे. तुमचा मुलगा खाणीत, खाली, पाळीप्रमाणे कधी दिवसा कधी रात्री. घरात आपण दोघंच, आणि मध्ये ती भिंत. आता हसू येतं. तेव्हा येत नव्हतं.

तुमचे हात थरथरतात हे मला कपबशीनं सांगितलं. मी चहा ठेवून आत वळले की मागे बशी वाजायची. मग एके दिवशी तुम्ही भिंतीला सांगितलं की आजपासून चहा स्टीलच्या गिलासात, अर्धाच. तुम्ही गाडीवर निघालात की मी दारात उभी राहायचे, गाडी वळणाआड जाईपर्यंत. जंगलातल्या गावांना त्या काळी तुमच्या गाडीशिवाय दुसरं काही जात नव्हतं. लोक तुमच्या भरवशावर बसायचे, पाठीमागे लटकायचेसुद्धा. तो भरवसा तुमच्या हातांवर होता, आणि हातांचं काय चाललंय हे तुम्ही कोणालाही दिसू देत नव्हतात.

मग ती दुपार. मी तांदूळ निवडत बसले आहे. अंगणातून हाक येते, भिंतीला नाही, मला.

"बाई, इकडे ये. आधी गोटे लाव चाकाले."

मी डोक्यावरचा पदर आणखी पुढे ओढते आणि जाते. तुम्ही खाटेवर बसून सांगता, मी करते. चाकाच्या मधोमध जी गोल चकती आहे तिचे बोल्ट काढायचे, त्या चकतीलाच आत लांब शाफ्ट जोडलेला आहे, गाडीचं वजन त्याच्यावर नाही, म्हणून चाक न काढता तो ओढून घेता येतो. बोल्ट निघतात. चकती हलत नाही. मी हातोडी उचलून दोन-चार दणके घालते.

"लोखंडावर राग काढून राहिली का तू?" तुम्ही एवढ्या जोरात बोलता की शेजारचं कुत्रं उठून बसतं. "त्याले का समजते? फुटन ते. त्या दोन रिकाम्या छिद्रांत बोल्ट घाल अन् बराबर पिळ. इकडे थोडं, तिकडे थोडं."

माझे डोळे भरून आले होते, पण मी पिळत राहिले, इकडे थोडं, तिकडे थोडं, आणि चकती केसाएवढी सुटली. मग दोन्ही हातांनी शाफ्ट सरळ बाहेर ओढला. तेलानं माखलेला, चकचकीत, माझ्या हाताहून लांब. आतलं सील घासू नये म्हणून तो शेवटपर्यंत उचलून धरायचा होता. धरला. दुसऱ्या दिवशी खाटेवर तुमचा जुना खाकी सदरा धुऊन, घडी करून ठेवलेला होता. लुगड्यावरून घालायला. मला आयुष्यात मिळालेल्या वस्तूंत तो सदरा मी वरच्या नंबरावर धरते.

तुमच्या मुलाला ते आवडलं नाही. पाळीवरून हे आले आणि माझे पाय गाडीखालून बाहेर आलेले पाहिले. "बायको गाडीखाली घुसून राहिली, लोकं का म्हणन?" तुम्ही विडी बाजूला ठेवलीत. "लोकं का गाडीखाली येऊन पाहून राहिले का?" विषय तिथेच संपला. पण ते महिनाभर माझ्याशी धड बोलले नाहीत, हे तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं.

बाजाराच्या त्या दिवसाचा विषय तुम्ही पुन्हा कधी काढला नाहीत, मीही नाही. धान निघून गेलेलं, शेतांत नुसते खुंट. मी तुमच्यासोबत होते. त्या दिवसांत तुम्ही काही ना काही निमित्त काढून मला गाडीत घ्यायचा. गाडी बाजारकरूंनी भरलेली. नाल्याचा चढ चढताना मागे काड्‌दिशी आवाज झाला. इंजिन ओरडतंय आणि गाडी जागच्या जागी. तुम्ही उतरलात. मीही उतरले आणि गोटे शोधायला लागले. लोक उतरून गोल करून उभे राहिले.

तुम्ही पाना बोल्टवर लावलात आणि तो वाजायला लागला. लोखंडावर लोखंड, कटकट कटकट. मग एकानं विचारलंच, "दादा, हात काहून थरथरून राहिले तुमचे?"

मला वाटलं, तुम्ही थंडीचं कारण सांगाल. दम लागला म्हणाल. तुम्ही पाना खाली घेतलात.

"हात गेले माझे. कधीचेच. गाडीचं काम ही करते," असं म्हणून तुम्ही पाना माझ्यापुढे धरलात.

सगळ्यांसमोर. मी एका हातानं पदर धरून उभी. पदर सोडल्याशिवाय काम होणार नव्हतं आणि तुमच्यासमोर मी तो कधी सोडला नव्हता. वांग्याची टोपली घेतलेली एक म्हातारी होती, ती वैतागून म्हणाली, "काढ वो बाई, दिवस बुडते. पदर का शाफ्ट काढून देते का?" कोणीतरी हसलं. मी पदर कमरेला खोचला आणि खाली बसले. तुम्ही नाल्याकडे तोंड करून उभे राहिलात, माझं डोकं उघडं दिसू नये म्हणून. आणि तसेच, पाठमोरे, सांगत राहिलात.

चकतीसोबत तुटलेला अर्धाच शाफ्ट आला. उरलेला तुकडा आत नळीत. तुम्ही म्हणालात, तारेचा फास कर, आत सोड, चाचपड. विहिरीत पडलेली बादली काढतो तसं. आत काही दिसत नाही, फक्त तार बोटांना काय सांगते तेवढंच. कितीदा फास सुटला. शेवटी अडकला, आणि तुकडा कुरकुरत बाहेर आला. मग दुसऱ्या बाजूचा चांगला शाफ्टही काढायला लावलात, नाहीतर मधल्या गिअरच्या गोळ्यातले दात घासतील म्हणून. तेल गळू नये म्हणून दोन्ही भोकांत चिंध्या कोंबल्या, वरून ट्यूबचं रबर लावून बोल्ट आवळले. आता मागची चाकं नुसती गडगडणारी. ओढायचं ते पुढच्या दोन चाकांनी.

"चालव," तुम्ही म्हणालात.

मी गाडी शेतात, मोकळ्या जागी चालवली होती, तेवढीच. काही लोक टोपल्या घेऊन पायीच निघाले. त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही. म्हातारी बसली, आणखी थोडे बसले. तुम्ही माझ्या डाव्या हाताला बसलात, दोन्ही तळहात मांडीखाली दाबून. पुढची चाकं जोडणारी छोटी दांडी मी खाली पाडली, हळूच क्लच सोडला, आणि ती नाक पुढे करून चढायला लागली. स्टिअरिंग जातं ओढावं तसं जड. तुम्ही वाटेत एकदाही "हळू" म्हणाला नाहीत. त्या भीतीतही ते मला कळत होतं.

घरी आल्यावर तुम्ही पुन्हा भिंतीशी बोलायला लागलात. बरेच दिवस. मला वाटायचं, मी तुमचं काहीतरी घेतलं. मग एका बाजाराच्या सकाळी चुलीपाशी गाडीची किल्ली पडलेली, आणि तुम्ही बाहेर खाटेवर, गिलास घेऊन. मी गाडी काढली. त्या दिवशी एकटी ती म्हातारीच बसली. पुढच्या बाजाराला तिच्या गावच्या दोघी-तिघी. मग सगळेच. तुम्ही पुन्हा कधी उजव्या बाजूला, स्टिअरिंगपाशी, बसला नाहीत. शेवटच्या आजारपणात मी तुम्हाला याच गाडीतून भंडाऱ्याला दवाखान्यात नेलं, आणि आणलंही याच गाडीतून.

तेव्हापासून मी ही गाडी चालवतेच आहे, मामाजी. रस्ते डांबरी झाले. पोरांनी मोटारसायकली घेतल्या. तरी म्हातारे, बायका, बाजाराचे गाठोडेवाले अजून माझी वाट पाहतात. माझे गुडघे वाकत नाहीत, मान एका बाजूला वळत नाही. तुमचा मुलगा खाणीतून सुटला, पण खोकला सोबत घेऊन आला. "आता पुरे कर ना," म्हणतात. मी ऐकून घेते आणि सकाळी गाडी काढते.

परवा दुसरा शाफ्ट ओढून काढला, कापडावर ठेवला, आणि खालून नळी पाहायला गाडीखाली शिरले ती उठलेच नाही. लागलं नव्हतं, दुखत नव्हतं. नुसतं उठवेना. पाठीखाली माती गार होती.

"काय झालं?" त्यांनी खाटेवरून विचारलं.

"काही नाही. नुसती पडली आहे."

थोड्या वेळानं खोकत खोकत त्यांचे पाय गाडीपाशी आले. वाकून त्यांनी आत उशी सरकवली. "मंग पडून राय," म्हणाले.

मी तिथे झोपले, मामाजी. भर दिवसा, गाडीखाली, मध्ये दोनदा शेजारीण डोकावून गेली तरी.

हे कागद पोरीला सापडले तर ती आई म्हातारी झाली म्हणेल, म्हणून उद्या पाणी तापवताना चुलीत घालीन. पण तुम्हाला एक सांगते. नवं सील कालच बसलं. शाफ्ट आत गेले, तेल भरलं, ब्रेक सुकवून पाहिला, गाडी सरळ थांबते. सकाळपासून लोक गाडी कधी निघते म्हणून विचारून राहिले, आणि मी सगळ्यांना सांगते आहे की नागपूरवरून सामान अजून यायचं आहे.