शुक्रवारची फेरी

कुयो बंदर, १४ मार्च १९९८

लुर्देसताई,

हाँगकाँगची थंडी सरली का? तू ज्यांना सांभाळतेस त्या आजी आता नीट जेवतात ना? इथे सगळे मजेत. आईचे गुडघे दुखतात, तरी चर्चला ती सगळ्यांच्या आधी हजर.

ऐन परीक्षेत मी कुयोत काय करतोय, असं विचारशील. सांगतो, आधी मंगळवारचं ऐक.

बंदरावरच्या रेडिओ-खोलीत लहान बेटांवरचे निरोप येतात. प्रत्येक बेटाची बोली वेगळी, म्हणून सगळे इंग्रजीत. शब्द बघून इस्कोकाका होडी सोडतात. 'इमीजिएटली' असेल तर हातातलं टाकून. 'अर्जंट' असेल तर त्या दिवसाच्या भरतीला. 'ॲज सून ॲज पॉसिबल' म्हणजे शुक्रवारच्या फेरीने, सुक्या मासळीसोबत. सांगणाऱ्याचा शब्द बदलायचा नाही, हा नियम. निरोप उतरवून घ्यायला मी असतो.

लाबाय बेटाच्या दवाखान्यात अमिहान नावाची सुईण आहे. जानेवारीत मी तिला काजूची चिक्की आणि एक पत्र धाडलं, वर 'इमीजिएटली' लिहून. होडी खवळलेल्या समुद्रात निघाली. अमिहान रेडिओवर, साऱ्या बेटांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "तुझं प्रेम शुक्रवारच्या फेरीने आलं असतं तरी नासलं नसतं."

तेव्हापासून होडीवाले तिला 'इमीजिएटली मॅडम' म्हणून चिडवायचे. तिने तो शब्दच टाकला.

मंगळवारी दुपारी तिचा निरोप आला. नेनिता नावाची बाळंतीण आहे, थोडं रक्त जातंय, होडी पाठवा, 'ॲज सून ॲज पॉसिबल'. आवाज फार सभ्य होता. माझ्याशी एरवी ती एवढ्या सभ्यपणे बोलत नाही.

"किती कपडे भिजले?" मी विचारलं.

"चार. पाचवा लावलाय."

मी 'इमीजिएटली' लिहिलं. इस्कोकाकांनी कागद वाचला. "पुन्हा चिक्की का रे?"

"काका, खाली माझं नाव लिहितो. खोटं निघालं तर उद्यापासून मला दारात उभं करू नका."

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि खिडकीतून होडीवाल्याला हाक मारली.

ताई, नेनिता वाचली. काल तिने वाटीभर पेज खाल्ली. मुलगी झालीय, रडून इथला कुयोचा दवाखाना डोक्यावर घेते. डॉक्टरीण म्हणाली, अजून तासभर गेला असता तर काही हाती लागलं नसतं. तेव्हापासून मी नुसता झोपतोय आणि जेवतोय.

अमिहान होडीतून उतरली ती थेट माझ्या स्टुलावर येऊन बसली. "नियम मोडलास."

"हो."

"बरं केलंस. पाणी दे."

आता राहिलेलं. नोव्हेंबरपासून मी कॉलेजात पाऊल टाकलेलं नाही. सरांशी भांडलो हे खरं, पण अमिहानची बदली लाबायला झाली हे जास्त खरं. तुला मात्र 'अभ्यास चालू आहे' असंच लिहीत राहिलो. तुला सांगायची घाई होती, आणि मी ते दर वेळी शुक्रवारच्या फेरीवर ढकललं.

रागवायचं ते सवडीने रागव. माझ्याशी बोलणार आहेस, एवढंच पहिल्या टपालाने कळव.

खाली नाव लिहून,
तुझा रोदेल