वजनापुरती आजी

सुशिलाबाईले मोठ्या बहिणीचा जय भीम. जावयाले, पोरीले अन् त्यांच्या चारचाकीलेही जय भीम.

सगळ्यात पयले आली ती शेजारची अल्का, अन् रडतच आली. मी अंगणात सुपात तांदूळ घेऊन बसली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, अन् रडणं थांबवायचं सोडून अजून मोठ्यानं रडायले लागली. म्हणे आजी, तुमाले तर आत्ताच गाडीवर दोरीनं बांधून नेलं ना, मान टाकली होती तुमी. मी म्हणली, नेलं असेल बाई, तांदूळ निवडून झाले की मीही जाऊन पाहून येईन. तिच्या मागून दुसऱ्या बाया आल्या, मंग माणसं आली. कोणीतरी सालेकसाले, तुले, कळवलं काय म्हणून विचारत होतं. त्याच्यासाठीच हे पत्र. तुमच्या गल्लीतला रामलाल इथं आला आहे, उद्या परत जाऊन राहिला. तो मी मेली म्हणून सांगेल. विश्वास ठेवू नको. पत्रही त्याच्याच हाती पाठवून राहिली, पण त्याले वाचता येते म्हणून पाकीट सुईदोऱ्यानं शिवलं आहे. (फोन काऊन नाही केला म्हणशील, तर फोन रंजिताजवळ असते. सून चांगली आहे, पण कान तिले दोन आहेत.)

तुझी तब्येत कशी आहे? डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून तुले दुरूनही माणूस ओळखू येते असं ऐकलं. बरं झालं, त्याचं काम पडणार आहे.

तर ही सगळी गडबड राजदीपच्या गाडीची. आपल्या रत्नपालचा पोट्टा राजदीप, पुण्याच्या कंपनीत इंजिनिअर आहे तो, यंदा सुटीवर रेल्वेनं नाही आला, लाल मोटरसायकलवर बसून आला. इटलीची आहे म्हणते. कोणाची तरी वापरलेली घेतली. (इटलीच्या माणसानं वापरली की पुण्याच्या, हे मी विचारलं नाही, दोघांचाही भरोसा नाही.) दिसायले म्हणशील तर टोळावानी, पुढून वाकलेली अन् मागून उठलेली. चालवणारा पोटावर झोपून चालवते, रस्त्यावर काही हरवलं अन् ते शोधून राहिला असं वाटते. मागची सीट एवढीशी, की आपला जेवायचा पाट तिच्याहून मोठा. दुधाची कॅन टांगायले जागा नाही, भाजीची थैली अडकवायले हूक नाही. आवाज असा की कुंपणापलीकडच्या केशोरावच्या म्हशीनं पयल्याच दिवशी पान्हा चोरला, अन् केशोराव तवापासून आमच्या घराकडे पाठ करून बसते.

आल्याबरोबर राजदीपनं मले कबूल केलं, की आजी, सुटी संपायच्या आत तुले याच गाडीवर सालेकसाले नेतो अन् सुशिलाआजीच्या दारात उतरवतो. मी हो म्हणली नाही. (नाहीही म्हणली नाही. दुरून आलेला पोट्टा, त्याले नाराज कायले करायचा.) पण मंग तो एक चक्कर मारायले गेला. आपल्या गावापासून हायवेपर्यंतचा रस्ता कसा आहे तुले माहीत आहे. परत आला तो कंबर धरून. म्हणे या शॉकअपवर (सीटखालची धक्के सोसायची स्प्रिंग) तुले बसवलं तर देवरी येईपर्यंत तुझी हाडं वेगवेगळी उतरवावी लागतील, पयले शॉकअप बदलतो, मंगच तुले नेतो. झालं. सुटी संपत आली अन् याचा शॉकअप काही होऊन नाही राहिला. समुद्रापलीकडून आलेली गाडी, आपला एक गड्डा तिले सोसत नाही. त्याच्या आजोबाची बंडी आठव. तिच्यात शॉकअप होता काय? खाली अंथरलेलं धानाचं तणीस होतं. त्या बंडीत पोटाशी रत्नपालले घेऊन मी तुझ्या लग्नाले आली, अन् आल्याबरोबर पोळ्या लाटायले बसली. तणीस दबलं की नवं टाकायचं. त्याच्यासाठी नागपूरहून कोणाले बोलावलं नाही.

इथं मात्र बोलावलं. पयले डब्यातून नवा शॉकअप आला, पिवळाधमक. रंजिताले तो सोन्याचा वाटला, तिनं उचलून कपाटात लुगड्यांखाली ठेवला. मंग नागपूरहून राजदीपचे दोन दोस्त आले. एक भुपेंद्र. हा शॉकअप लावते अन् मंग सेट करते. लावणं वेगळं अन् सेट करणं वेगळं, असं त्यानं मले समजावून सांगितलं, मी न विचारता. दुसरा भोजराज. तो काहीच करत नाही, चहा पिते.

सेट करणं म्हणजे काय ते ऐक. गाडी उभी करायची, तिच्यावर माणूस बसवायचा अन् ती किती दबली ते मोजायचं. दबली पाहिजे, पण गंजच जास्त दबली तर चालत नाही, अन् बिलकुल नाही दबली तर तेही चालत नाही. (माझ्या सासूनंतर असं कोणाचं पाहिलं नव्हतं.) भुपेंद्र लॅपटॉप घेऊन आला होता अन् मोजायचा टेप विसरून आला होता. मंग रंजिताच्या शिवणमशीनवरचा टेप काढला, अन् इटलीच्या गाडीचं माप ब्लाऊजच्या टेपनं निघालं. त्या शॉकअपले दोन स्क्रू आहेत, एक दबायचा अन् एक उठायचा. दबायचा स्क्रू फिरवला की गाडी किती लवकर खाली जाईल ते ठरते, उठायचा फिरवला की किती लवकर वर येईल ते. हे ऐकून मले हासू आलं. माझे गुडघे दबायले झटकन दबतात अन् उठायले घरातली दोन माणसं लागतात, पण स्क्रूड्रायव्हर घेऊन नागपूरहून कोणी आलं नाही.

राजदीप बसला, मोजला, उतरला. स्क्रू कटकट फिरवला, परत बसला. मंग सीट हातानं दाबायची अन् सोडायची, अन् ती कशी वर येते ते डोळे बारीक करून पाहायचं, बाजारात बैलाच्या पाठीवर हात दाबून पाहतात तसं. बाजारात निदान शेवटी बैल तरी घरी येते. जेवणं झाल्यावर भुपेंद्र म्हणे, आता मागं बसणारं माणूस पाहिजे. दोघं बसले की वजन वाढते, स्प्रिंग जास्त ताणावी लागते. आजीले बसवा. मी साफ नाही म्हणली. मी बसणार अन् माझ्याखाली गाडी किती खचली ते ब्लाऊजच्या टेपनं मोजणार, अन् कुंपणावरून केशोराव पाहणार. मंग वजन तरी सांगा म्हणे. वजन सांगायले मी काय धान आहो?

तर त्या पोट्ट्यांनी काय केलं. ओसरीत मोहफुलाचं पोतं होतं, यंदा वेचून वाळवलेलं. भोजराजनं ते उचललं, खाली ठेवलं, माझ्याकडे पाहिलं, परत उचललं, अन् म्हणे बराबर आहे. (दिवसभरात त्यानं केलेलं हे एकच काम.) गाईच्या दाव्यानं ते पोतं मागच्या सीटवर बांधलं अन् त्याच्या हिशेबानं स्प्रिंग ताणली. गोणपाटानं लाल रंग घासू नये म्हणून पोत्याले माझी जुनी हिरवी शाल गुंडाळली. एवढे शिकलेले तिघं, पण त्या शालीले सगळं गाव ओळखते हे एकाच्याही ध्यानात नाही आलं. अन् निघाला राजदीप हायवेवर गाडी पाहायले, मागं दुसऱ्या गाडीवर हे दोघं. पयल्याच गड्ड्याले पोतं एका अंगाले कलंडलं. अल्का नळावर पाणी भरत होती. तिनं जे पाहिलं ते तुले वर सांगितलंच आहे.

हायवेवर नंदलाल हवालदार उभा होता. त्यालेही दुरून तेच दिसलं, की एक पोट्टा म्हातारीले दोरीनं बांधून लाल गाडीवर घेऊन चालला अन् म्हातारीत जीव नाही. त्यानं गाडी थांबवली, शाल उचलली, तर म्हातारीच्या जागी मोहफूल. पोतंभर मोहफूल घेऊन पळणाऱ्याले हवालदार दारू गाळणाराच समजते, हे तुले सांगायले नको. त्यानं विचारलं हे काय आहे. आपल्या इंजिनिअरनं काय सांगावं?

"साहेब, ही आजी आहे."

"आजी?"

"वजनापुरती. खरी घरी आहे."

हवालदारानं नोकरीत गंज ऐकलं असेल, पण हे त्याले नवीन होतं. तो तिघांलेही पोत्यासकट घरी घेऊन आला, खरी आजी पाहायले. तोवर माझ्या मयतीले जमलेल्या लोकांचा चहा रंजितानं चुलीवर ठेवला होता. हवालदारानं अंगणात उभं राहून विचारलं, आजी कोण? भोजराजनं एक बोट माझ्याकडे केलं अन् दुसरं पोत्याकडे.

मोहफूल कायले ठेवलं, असं त्यानं मले दरडावून विचारलं. मी म्हणली लाडवाले, अन् लाडवांची वाटी पुढं केली. त्यानं एक खाल्ला, मंग दुसरा खाल्ला. आमगावकडचा निघाला, त्याची माय अस्सेच करते म्हणे. सूर नरम झाला, पण हवालदाराची जात, शंका जाईना. पोत्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, अन् म्हणे, "आजी एका पोत्याइतकी आहे, हे कशावरून?"

सुशिले, मले ते लागलं. सगळ्या गावासमोर, सरकारी माणसाच्या तोंडून, मी अन् पोतं एका मापाचे. मी म्हणली, "लावा गाडी ओट्याले."

सरकारी माणसाचा मान म्हणून बसली, एवढं ध्यानात ठेव. ओट्यावरून पाय टाकला अन् बसली. पुढं राजदीप. रंजितानं टेप धरला. भुपेंद्र खाली वाकला, पाहिलं, चष्मा पुसून परत पाहिलं.

"आजी, तुम्ही तर पोत्यापेक्षा बऱ्याच हलक्या आहात."

मी अल्काले सांगितलं, हे नीट ऐकून घे, मघाशी रडतानी तुले ऐकू येत नव्हतं.

आता पोत्याच्या हिशेबानं ताणलेली स्प्रिंग माझ्यासाठी कडक झाली. गड्ड्यागड्ड्याले ती मले वर फेकेल अन् राजदीप एकटाच सालेकसाले पोचेल. म्हणून ती ढिली करायले घेतली, तर भोजराजनं जोर लावून स्प्रिंग फिरवायची चावी मोडली. (दिवसभरातलं दुसरं काम.) तशी चावी नागपूरलेच भेटते. गेले दोघं परत.

उतरायले मले थोडा वेळ लागला. लोकं काही म्हणतील, पण हवालदाराचा चहा संपला नव्हता, अन् पाहुण्याचा चहा सुरू असतानी उठून जाणं बरं दिसत नाही. दुसरा कपही त्यानं घेतला.

एकंदरीत गाडी बेकार आहे, मी स्वतः बसून सांगून राहिली. उंच एवढी की केशोरावच्या कौलावरचे भोपळे मोजता येतात, अन् रस्त्यावरच्या सगळ्यांले आपण दिसतो. शोभते काय या वयात? मी रत्नपालले सांगून टाकलं, मले नाही पाहिजे तुमची इटली, मी आपली एसटीनं जाईन. देवरीले गाडी बदलीन, आमगावले बदलीन, पोचीन हळूहळू. बाकी सगळे खुशाल आहोत.

तुझी मोठी बाई,
रुक्मा

ता.क. रत्नपालनं ते एसटीचं खरंच धरलं. म्हणे मीच तुले स्टँडवर नेऊन बसवतो, पोट्ट्याले कायले तरास. लहानपणापासून माझी एक गोष्ट ऐकली नाही त्यानं, अन् नेमकी हीच ऐकली.

आणखी ता.क. तुझ्यासाठी लाखोळीची डाळ, मोहाचे लाडू अन् तू मागितलेला पाटा-वरवंटा बांधून ठेवला आहे. हे सगळं मांडीवर घेतलं की मी अन् पोतं बराबरच, भोजराज काही चुकला नव्हता. पण चारचौघांत हलकी ठरल्यावर आता सामानाचं नाव कोणत्या तोंडानं काढू? माप घ्यायले परत बसवतील तवा वरवंटा पदराखाली धरून बसीन. पाट्याचं त्या स्प्रिंगनं समजून घ्यावं, एवढी दुरून आली आहे तर.

शेवटचं ता.क. तू राजदीपले फोन करजो, रत्नपालले नाही. सांगजो की तुले बरं नाही, आजीले लवकर घेऊन ये, एसटीची वाट पाहण्याइतका दम नाही. जावयाची चारचाकी पाठवते म्हणू नको. बिमारी अशी पाहिजे की दारात उभं राहता येईल, अन् तुझ्या गल्लीतल्या बाया भेटायले जमलेल्या असतील. रस्त्याकडे पाहत राहजो, लाल रंग दुरूनच दिसते. फक्त घाई करू नको. बुधवारच्या आत बिमार पडू नको, पोट्टे मंगळवारी परत येतो म्हणून सांगून गेले आहेत.